टपावरची एरियल
सोल्डरिंगचा जळका वास आला की मला गिरगावातलं बाबांचं वायरलेस दुरुस्तीचं दुकान आठवतं. एकदा जुन्नरकडचे एक बागायतदार शेतावरची पिकअप घेऊन आले. गाडीतल्या वायरलेसचा आवाज मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचत नव्हता. बाबांनी मागच्या बंपरवरची एरियल काढून टपाच्या मधोमध बसवली, गंजलेली जोडणी बदलली आणि हातातला सेट देऊन मला चौपाटीवर पाठवलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून सेट ओढणीखाली धरून चालले होते. वाळूत पोहोचते तोच बाबांचा आवाज स्वच्छ आला, पण ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांच्याकडून माइकचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. "हुशार आहे हो पोरगी," ते बागायतदारांना सांगत होते, "पण मैत्रिणींना माझं दुकान दाखवत नाही, लाजते. मीही मग तिच्या कॉलेजकडे फिरकत नाही." भेळवाल्यापाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. माझे कान तापले. खरखर होऊन बटण सुटलं आणि त्यांनी विचारलं, "येतोय का गं आवाज?" "हो बाबा, स्वच्छ येतोय." "कधीपासून?" "आत्ताच," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी मैत्रिणींना दुकानात नेलं, तेव्हा बाबा गडबडीने उठले, स्वतःच्या रुमालाने स्टुलं पुसली आणि त्या पोरींना अहो-जाहो करत उभेच राहिले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते तसे उभे असलेले आठवले की आजही मान वर होत नाही.