पस्तीसची लेन्स आणि गुणाबाईंचा चौका

कंग्राळीचा मष्णू आठवडाभर कारखान्यात लेथ चालवायचा आणि रविवारी फोटो काढायचा. कॅमेरा सेकंडहँड, लहान सेन्सरचा. सोबत आलेली लेन्स उन्हात बरी चाले, पण घरात शिरलं की नवरी कुठली आणि करवली कुठली ते ओळखू येत नसे.

निपाणीजवळच्या खेड्यातल्या जुन्या सोबत्याचा, जिनेंद्रचा, फोन आला तेव्हा त्याची झोप उडाली. जिनेंद्रच्या आई, गुणाबाई, सात वर्षं जैन साध्वींच्या, म्हणजे माताजींच्या, आहारासाठी चौका लावत होत्या. सोवळ्यानं रांधायचं, दारात कलश घेऊन उभं राहायचं. पण माताजी कुणाच्या दारी थांबतील ते त्यांनी सकाळी मनात धरलेल्या नियमावर. गुणाबाईंच्या दारी त्या आजवर थांबल्या नव्हत्या. यंदा गावातच माताजींचा चातुर्मास होता. थांबल्याच, तर आहार देतानाचा एक फोटो गुणाबाईंना हवा होता. "माझ्या मागं भितीला त्योच लावा," असं त्यांनी घरात बजावलं होतं. चौक्यात उजेड बेताचा आणि फ्लॅश चालणार नव्हता.

म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, मोठ्या तोंडाची लेन्स हवी, एक पॉइंट आठची. परवडणाऱ्या दोनच, पन्नास मिलिमीटरची आणि पस्तीसची. इंटरनेटवरचे सगळे शहाणे पन्नासच्या नावानं जप करत होते. मष्णूनं जुन्या लेन्सची झूमची कडी आधी पन्नासवर चिकटपट्टीनं घट्ट केली आणि बायकोला, माधवीला, चुलीपुढं बसवलं. लहान सेन्सरवर पन्नास भलतीच जवळ ओढते. माधवी पुरती मावावी म्हणून तो मागं सरकत गेला आणि पाठ भिंतीला लागली तरी चौकटीत तिच्या नाकापासून भाकरीपर्यंतच येत होतं. पस्तीसवर सगळी माधवी आली. जिनेंद्रला फोन करून त्यानं चौक्याची लांबी विचारली. दहा फूट. झालं, पस्तीसच घेतली. आपण केवढे हुशार, असं त्याला दोन दिवस वाटत होतं.

दोन रविवार माताजी पुढच्या गल्लीत निघून गेल्या. मष्णू रस्त्यावरूनच परतला. तिसऱ्या रविवारी त्या गुणाबाईंसमोर थांबल्या. घरचे माताजींना प्रदक्षिणा घालून आत घेऊन गेले आणि त्यांच्या मागोमाग मष्णूनं पाय उचलला, तो जिनेंद्रच्या बायकोनं, निशानं, उंबऱ्यातच अडवला. नियम घेतलेल्यालाच चौक्यात प्रवेश होता.

त्यानं बाहेरून कॅमेरा डोळ्याला लावला. पुढं चार पाठी आणि त्यांच्या फटीत अंगठ्याएवढ्या गुणाबाई. या लेन्सला झूम नव्हता. जवळचं दाखवायचं तर पायांनीच जवळ जायचं, आणि पाय तर उंबऱ्यावर अडलेले.

"काय नियम असतोय?" त्यानं हळूच विचारलं.

आंघोळ, धुतलेलं धोतर, कमरेचा चामड्याचा पट्टा बाहेर. आणि दारू, मध, मांस सोडायचं. दारू तो पीत नव्हता. मध खोकल्याच्या वेळी तेवढा खाल्ला होता. राहिलं मटण.

"किती दिस?"

"लोक जन्मभर घेत्यात," निशा म्हणाली. "तुमी वर्षाचा तरी घ्या. बघा लवकर, आत पाद्यपूजा सुरू झालीया."

मष्णूनं फटीतून एकदा गुणाबाईंकडं पाहिलं आणि न्हाणीकडं धावला. डोक्यावर दोन तांबे पडले. जिनेंद्रचं धोतर त्याला आखूडच झालं. ओल्या केसांनी तो चौक्याच्या कोपऱ्यात टेकून बसला तेव्हा गुणाबाई माताजींच्या ओंजळीत पाणी सोडत होत्या. धार मोडू नये म्हणून त्यांनी श्वास रोखला होता आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मष्णूला हे सगळं स्वच्छ दिसलं. त्यानं तेवढ्यात दोन फोटो काढले. मग त्याचेच डोळे भरले.

घरी पोचला तर रविवार असल्यामुळं पातेल्यात मटण रटरटत होतं. मष्णूनं आधी माधवीला फोटो दाखवला आणि मग चाचरत चाचरत नियम सांगितला. तिनं फोटो पुन्हा मागून घेतला, बराच वेळ पाहिला, आणि पातेलं उचलून शेजारी दिराच्या घरी देऊन आली.

"अगं, तू तरी खायाचं हुतंस," मष्णू म्हणाला.

"वर्षभर एकटीसाठी कोण मसाला वाटत बसतंय," म्हणत ती पिठल्याला कांदा चिरायला बसली.