उन्हाच्या बाजूचा पाय

रोह्याच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकल विभागात लागले, तेव्हा शेडमधलं सगळ्यात मोठं मशीन चौघं मिळून चालवायचे. दोन रुळांवर दोन पायांनी उभी असलेली भलीमोठी लोखंडी कमान आणि तिच्यावर सरकणारा, वळणारा कटर. हलणारे भाग एकूण अकरा, प्रत्येकाला स्वतःची मोटर. चौघांतले मुख्य ऑपरेटर धरमतर खाडीकाठच्या गावचे. पेणहून कंपनीची बस आम्ही एकत्रच पकडायचो. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाय.

मशीनचा जुना कंट्रोल सारखा बंद पडू लागला आणि सुटे भाग मिळेनासे झाले. नवी यंत्रणा निवडायचं काम माझ्याकडे आलं. पर्याय दोन होते. पहिल्यात प्रत्येक मोटर आपापली चालणार, मेळ माणसांनीच घालायचा, आजवर घालत होते तसा. दुसऱ्यात एकच कंट्रोलर अकराही मोटरी एकत्र सांभाळणार.

"काका, या मशीनची खरी अडचण काय?" मी विचारलं.

ते मला भर दुपारी रुळापाशी घेऊन गेले आणि माझा हात त्यावर ठेवला. रूळ चांगलाच तापला होता.

"ही पत्र्याच्या भिंतीकडची बाजू. ऊन चढलं की रूळ फुगतो न हा पाय मागं पडतो. कमान तिरकी होते. आमाला आवाजावरून समजतं, मंग हातानं आवरतो. नाय आवरली तर एक दिस कोणाच्या तरी अंगावर जाईल."

हे सगळं मी मागण्यांच्या यादीत लिहिलं. दुसऱ्या पर्यायवाल्यांच्या इंजिनियरने ते वाचलं आणि खूश झाला. दोन्ही पायांना मोजपट्ट्या आणि तापमानाचे सेन्सर बसवू, म्हणाला. मागे पडणारा पाय कंट्रोलर स्वतःच ओढून घेईल. "मग चार माणसं कशाला? एक पुरे." त्याच दुपारी मी त्या यंत्रणेची शिफारस करून सही केली.

संध्याकाळी नागोठण्याच्या पुढे बस रखडली होती. काका शेजारी बसले होते.

"बाय, नवीन आलं की आमच्यातले किती लागतील?"

"अजून काही ठरलं नाही, काका."

ते "बरं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

चाचणीच्या दिवशी काकांना पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं होतं. ऐन उन्हात कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काका मला म्हणाले, "झ्याक चालली, मॅडम." त्या दिवसापासून ते मला मॅडमच म्हणायला लागले. महिन्याभरात त्यांची बदली स्टोअरला झाली. तिथे चार महिने खोकी मोजली आणि त्यांनी नोकरी सोडली.

पावसाळा सरल्यावर मी त्यांच्या गावी गेले. ते अंगणात जाळं सांधत होते. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि ती आत गेली.

"माझ्यामुळे झालं सगळं," मी म्हणाले.

"नाय. तू बरोबर निवडलंस. मी बी तेच निवडलं असतं. तिथं पोरं काम करतात, कोणी चिरडायला नको." त्यांनी जाळ्याची एक गाठ आवळली. "पण मी बसमदी इचारलं तवा तुला ठावं होतं ना?"

"हो."

"तवाच सांगायचं होतं. घरी येऊन हिला मी सांगितलं, काय नाय ठरलं म्हणून. ती दोन महिने निवांत झोपली."

निघताना त्यांच्या बायकोने माझ्या पिशवीत सुकट घातली. ते मात्र जाळ्यावरून उठले नाहीत.

काका गेल्याचं मला पुढच्या वर्षी कॅन्टीनमध्ये समजलं. दहावाही होऊन गेला होता. मी ताट तसंच ठेवून शेडमध्ये गेले. मशीन चालू होतं. जवळ एकच मुलगा होता, पडद्यावरचे आकडे बघत. मला पाहून तो उठून उभा राहिला. "काही काम होतं का, मॅडम?" त्याने विचारलं. मी नाही म्हणाले.