मारबतीला माणूस देत नाहीत

मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या खिडकीखाली उभे होते आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हते. बोलत होते ते कंडक्टरशी. "नागपुरात समुद्र हाय काय हो?" त्यांनी विचारलं. कंडक्टर म्हणाला, आपली गाडी रत्नागिरीपर्यंत, पुढचं आपल्याला माहीत नाही. "मग तिथली माणसं संध्याकाळची जातात कुठे?" असं विचारून अण्णांनी त्या भल्या माणसाला पार गोंधळात टाकलं. गाडी हलली. मी हात केला, त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. प्रश्न कंडक्टरला नव्हता, मला होता, हे माझ्या लक्षात यायला रत्नागिरी उजाडली.

आई मी बारावीत असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आपल्याकडे कोकणात मुंबईला गेलेला माणूस गाव सोडून गेला असं कुणी धरत नाही; गणपतीला आणि शिमग्याला तो उगवतोच. पण मला नोकरी लागली ती नागपूरच्या एका लॅबमध्ये, रक्त-लघवीचे नमुने तपासायची. राज्याच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला ते. तेव्हा तुम्ही वाडीतल्या सगळ्यांनी "एवढ्या लांब?" म्हणून तोंडावर हात ठेवले होते आणि आता फोनवर सगळे एकच विचारता, अण्णा परत कधी येणार? त्याचं उत्तर फोनवर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखेच निघून भलतीकडे जाऊन पडलेत त्यांच्यासाठीही.

नागपुरात मला महाल भागात भोयरांच्या घरी वरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. खाली भोयर काका आणि काकू. काकांचं लकडगंजात इमारती लाकडाचं दुकान, काकूंचं माहेर पारशिवनीकडचं, शेतीवाल्यांचं. पहिले काही महिने मी कामावरून येऊन दार लावून बसत असे. काकूंना ते बघवेना. "काहून वं, दाराले कडी लावून कोणाची वाट पाहून राहिली?" असं म्हणून त्यांनी मला जे बाहेर काढलं, ते आजवर आत बसू दिलेलं नाही. संध्याकाळी माणसं जातात कुठे, याचं उत्तर मला वर्षभरात मिळालं. पोळ्याला बैल बघायला जातात, कोजागिरीला तलावाकाठी दूध आटवायला जातात, कार्तिकात आवळीखाली जेवायला आणि थंडीत शेतावर हुरडा खायला जातात. नागपूरकराला सणावाराला घरात बसवत नाही, आणि एकदा बाहेर पडला की चार घास खाल्ल्याशिवाय तो परतत नाही. काकूंनी मला कधी "येशील का?" असं विचारलं नाही. "सकाळी तयार राहजो," एवढंच सांगायच्या. ज्या मुलीला सुट्टीच्या दिवशी रडू यायचं, तिला त्या बाईने रडायला सवडच ठेवली नाही.

अण्णा यंदा आषाढात विहिरीपाशी घसरले, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातल्याच माणसांनी त्यांना काढलेल्या दारावर घालून भर पावसात रस्त्यापर्यंत नेलं, ते उपकार मी या जन्मात विसरणार नाही. पायात सळई बसली. डॉक्टर म्हणाले, एकदा काय तो प्रवास करा आणि मग तीन महिने पाय टेकायचा नाही, कुठे हलायचं नाही. मी त्यांना रेल्वेने नागपूरला आणलं. स्टेशनावर काका टेम्पो आणि गादी घेऊन हजर. घरी आलो तर काकूंनी स्वतःची समोरची खोली रिकामी करून ठेवलेली. "वर कसे चढतीन अण्णाजी? अन् ही खोली काय लोणचं घालाले ठेवू मी?"

सुरुवातीला अण्णांनी अपेक्षेप्रमाणे कुरकुर केली. "पोहे भिजवलेले असतात ना? मग वर रस्सा कशाला ओततात?" इथली लोकप्रिय तर्री त्यांच्या गळ्याखाली उतरेना. काकांनी हौसेने गोड्या पाण्यातला मासा आणला, तो खाऊन म्हणाले, "ह्याला मीठ कोणी शिकवलं नाय." काका हसून हसून बेजार. मी निश्चिंत होते. अण्णा परक्याच्या घरी गप्प बसतात आणि आपल्या माणसांतच नावं ठेवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग श्रावण सरत आला आणि गणपती जवळ आले. कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी न जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळेल, इथे कुणाला समजावता येत नाही. गावाहून माझ्या चुलतभावाने, वसंतादादाने फोन केला, "काका, मी बसवतो यंदा तुमचा गणपती, काळजी करू नका." अण्णा म्हणाले, "बसव." फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवसापासून कुरकुर बंद झाली. समोर येईल ते अर्धं खायचं, कशाला नाही म्हणायचं नाही, काही मागायचं नाही. मी घाबरले ती तेव्हा.

त्यांना अंगात कणकण वाटत होती म्हणून मी त्यांच्या लघवीचा नमुना लॅबमध्ये नेला. रंग बघूनच कळलं, हा माणूस पाणी पीत नाही. का पीत नाही, तेही कळलं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, त्यासाठी कुणाला तरी हाक मारावी लागते, दिवसभर घरात असतात त्या काकू, आणि परक्या बाईला ते सांगायचं कसं? काका दुपारी दुकानातून चक्कर मारायचे, तर त्यांनाही "काही नको" म्हणायचे. मी आल्यावर मलाही तेच. मी खूप रागावले. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "माझ्यामुळे तुझं किती मागे पडतंय गो बाय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. कागदाची, बांबूची, दोन मजली घराएवढी बाई. एक काळी, एक पिवळी. ढोलताशांच्या गजरात तिला गावाबाहेर नेतात आणि जाळतात. जाताना तिने सगळ्यांची दुखणी बरोबर न्यायची असतात, म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडून सांगतात, काय काय ने ते. मी नागपुरात आले त्या वर्षी बिचकत बिचकत "एकटेपण घेऊन जा गे मारबत" म्हणाले होते आणि मागून काकू म्हणाल्या होत्या, "जोरानं बोल वं, तिले ऐकू नाही जात."

यंदा काकू सकाळीच अण्णांच्या खोलीत उभ्या. "चाला अण्णाजी, मारबत पाहाले."

"मी कुठे येतो? माझा पाय…"

"पायानं चाला असं कुठं म्हणून राहिली मी? खुर्ची आहे ना."

काकांनी आणि शेजारच्या घरातल्या दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट अण्णांना उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. मी पायाखाली स्टूल घेऊन मागे. गर्दी म्हणजे मुंगीला वाट नाही. बडगे, म्हणजे राजकारणी आणि महागाई यांची टर उडवणारे पुतळे, आधी गेले, त्यांना बघून अण्णांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. मग पिवळी मारबत आली. "डेंगू-मलेरिया घेऊन जा गे मारबत," काका ओरडले. कुणी पेट्रोलचे भाव दिले, कुणी सासूचा खोकला. काकू अण्णांच्या कानाशी वाकल्या. "बोला अण्णाजी. घरातून जे जायले पाहिजे ते बोला. मनात नका ठेवू."

अण्णांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. आपल्या वाडीत आरती तेच उचलतात. त्यांनी मान वर करून मारबतीकडे पाहिलं आणि त्याच आवाजात म्हणाले, "माझ्या बायच्या घरातला म्हातारा घेऊन जा गे मारबत."

आजूबाजूचे लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. काकू हसल्या नाहीत. त्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "असं नाही बोलत, अण्णाजी. मारबतीले बिमारी देते, माणूस नाही देत. वापस घ्या ते."

"बोललो ते बोललो."

"मंग तिच्या समोर जाऊन वापस घ्या." काकू काकांकडे वळल्या. "पाहून काय राहिले? उचला खुर्ची. ती गेली तिकडं."

मारबत तोवर पुढच्या वळणाशी पोचली होती. आणि मग जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं आणि रडूही येतं. काका आणि ते दोघे अण्णांना उचलून गर्दीतून पळत सुटले, काकू पुढे दोन्ही हातांनी लोकांना बाजूला सारत, "हटा गा, हटा, आमच्या माणसाले बोलाचं आहे," आणि मी स्टूल घेऊन मागे धावतेय. अण्णा एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने टोपी धरून, "अहो पाडाल, अहो पाडाल मला," असं ओरडत होते. ढोलवाल्यांनी वाट दिली. मारबतीच्या थेट समोर खुर्ची टेकली.

"बोला आता," काकू धापा टाकत म्हणाल्या.

अण्णांनाही धाप लागली होती, बसून असले तरी. "ते मघाचं नको नेऊ," ते मारबतीला म्हणाले. "पायाचं दुखणं ने."

"अन् अजून?"

"अजून काय?"

"जे पायात नाही ते."

अण्णांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी टोपी सारखी केली. मग अगदी हळू म्हणाले, "मागायची लाज वाटते, ती घेऊन जा." या खेपेला काकूंनी जोराने बोला म्हणून सांगितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले. थोड्या वेळाने "अहो भोयर" अशी हाक मला वर माझ्या खोलीत ऐकू आली आणि काका लगबगीने खोलीत गेल्याचा आवाज आला. मी खाली यायला निघाले होते, ती जिन्याच्या पायरीवरच बसून राहिले. त्यानंतर दुपारी काका जेवायला घरीच येऊ लागले. दुकानातून घर काही हाकेच्या अंतरावर नाही. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, घरचं गरम जेवण मिळते मले, तुझं काय चाललं मधात?

मारबतीच्याच संध्याकाळी तान्हा पोळा होता. त्यात लहान मुलं सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर येतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायचे असतात. अण्णांना हे कोण सांगणार? समोरच्या घरातली परकरातली मुलगी बैल घेऊन खोलीत आली. अण्णांनी बैल हातात घेऊन शिंगं बघितली, चाकं फिरवून बघितली आणि विचारलं, "केवढ्याला?"

"विकाले नाही आणला, आजोबा. बोजारा द्या."

"म्हणजे बैल पण तुझा आणि पैसे पण माझे?" अण्णा म्हणाले, आणि मी ओळखलं, माझे वडील परत आले. ही तक्रार त्यांनी येईल-जाईल त्याला गणपतीपर्यंत ऐकवली.

गणपतीच्या दिवशी वसंतादादाने व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही सगळे आपल्या ओटीवर होता, अण्णा इथे महालात खाटेवर. त्यांनी आरती उचलली आणि तुम्ही मागे धरली. तुम्हाला दिसलं नसेल, पण खोलीच्या दारात आणि खिडकीत आख्खी गल्ली उभी होती. आरती संपल्यावर अण्णा रडले. मीही रडले. काकूंनी कुणाचीच समजूत घातली नाही, मोदकांचं ताट आणून मधे ठेवलं.

दिवाळीनंतर ते काठी घेऊन चालायला लागले आणि कार्तिकात आम्ही पारशिवनीला काकूंच्या भावाच्या शेतावर आवळीखाली जेवायला गेलो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. "हा दगड हाय," म्हणत अण्णांनी रोडगा फोडला, त्यात तूप ओतून घेतलं आणि मागून आणखी घेतला. मागून घेतला, हे महत्त्वाचं. मी लांब बांधावर बसून ते बघत होते. तुम्ही त्यांना दारावर घालून नेलंत, यांनी खुर्चीवर बसवून पळवलं. मी कुठली, असं कुणी विचारलं की पूर्वी मी चटकन आपल्या गावाचं नाव सांगत असे. अजूनही सांगते. पण घर कुठे, असं विचारलं तर आता जरा थांबते. जिथे आपल्या माणसाला कुणी जाऊ देत नाही ते घर, एवढंच मला कळलं आहे, आणि तशी माणसं मला दोन्ही टोकांना मिळाली. माझ्यासारखं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अण्णा शिमग्याला येताहेत. ग्रामदेवतेची पालखी दारात येणार आणि दाराला कुलूप, हे त्यांना चालणार नाही. परवा मी मोबाइलवर त्यांचं तिकीट काढत होते, ते शेजारी बसून बघत होते.

"जायचं झालं?"

"झालं."

"मग यायचं?"

मी इतके दिवस हे विचारायचं धाडस केलं नव्हतं. तेव्हाही सरळ हो म्हणाले नाही. म्हटलं, "अण्णा, घरी गेल्यावर तिथेच राहावंसं वाटलं तर?"

"वाटेल. वाटायलाच हवं." त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "पण त्या बाईने भर रस्त्यात मला मारबतीकडून परत मागून घेतलंय. आता तिला विचारल्याशिवाय मला कुठे राहता येणार नाय."

मी यायचंही काढलं.