सातव्या मजल्यावरची खोली

ताज्या रंगाचा वास आला की चंदीगडजवळच्या झिरकपूरचा आमचा फ्लॅट पहिल्यांदा पाहिला ती दुपार मला आठवते. आई गेल्यावर बाबा साताऱ्याहून चंदीगडला माझ्याकडे राहायला आले होते. सेक्टर तीसमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते बाहेरच्या दिवाणावर झोपत, पण भाजी, दूध, वाचनालय सगळं पायीच उरकत. त्यांना स्वतःची खोली मिळावी म्हणून मी सातव्या मजल्यावरचा हा फ्लॅट पसंत केला. बाल्कनीतून खालच्या हायवेकडे बघत त्यांनी विचारलं, "इथून चालत कुठं जायचं रे?" एजंट म्हणाला, "अंकलजी, गाड़ी है ना!" आणि हसला. मीही हसलो. राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी बाबा फिरायला निघाले आणि दहा मिनिटांत परतले. "गाड्या थांबतच नाहीत. रस्ता ओलांडायचा कसा?" मी म्हणालो, "संध्याकाळी मी गाडीने नेतो तुम्हाला." नेमका त्या संध्याकाळी ऑफिसातून येताना मी ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकलो. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि बाबा बूट-मोजे घालून, केस नीट विंचरून सोफ्यावर बसले होते. "राहू दे आता, दमलायस तू," असं म्हणत ते वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले. त्यानंतर त्यांनी बाहेर जायचं नाव काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. दीड वर्षाने ते त्या खोलीतच गेले. हल्ली माझं काम घरूनच असतं. संध्याकाळी सहाला मी मोकळा होतो.