कासमभाईंची काठी मुकी नव्हती

कासमभाई सकाळी गेले आणि दुपारच्या आत गावाच्या ग्रुपवर लोकांचं हसून झालं.

"मुकी काठीवाले चाचा गेले."
खाली हसणारे चेहरे. मी मोजले. अकरा.

लाज वाटते का रे कुणाला?

मी सातवी पास. एका बोटाने टाईप करतो. सकाळपासून तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आता पुसणार नाही.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कासमभाई जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. रिटायर होऊन महाडला आले आणि हॅमचं लायसन्स काढलं. म्हणजे घरातल्या सेटवरून, फोनशिवाय, लांबच्या माणसांशी बोलायचं. छंद म्हणून. सरकारी परवानगीने, चोरून नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा लोकांच्या छपरावर टीव्हीच्या अँटेना बसवायचो. एक दिवस कासमभाईंनी मुंबईच्या भंगारातून ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा भारा टेम्पोवर बांधून आणला. ना नाव, ना कागद. नळ्यांना मध्ये मध्ये जाड डबे. भंगारवाल्याने झेंड्याचा खांब म्हणून दिला होता.

"दत्ता, हा काय हाय सांग."
"पडद्याचे रॉड."
"पंचवीस फुटांचा पडदा कुठल्या नवाबाच्या घरात बघितलास रे?"

त्या डब्यांना ट्रॅप म्हणतात. आत कॉईल असते. एकाच काठीवर रेडिओच्या लहरींचे चार-पाच पट्टे, म्हणजे बँड, चालावेत म्हणून. कासमभाई एकेका डब्याजवळ छोटं मीटर धरायचे आणि चकती फिरवायचे. जिथे काटा झपकन खाली पडेल तो त्या डब्याचा बँड. "हा दहा मीटरचा. हा पंधराचा." मी खडूने आकडे टाकायचो. लहान कॉईल खाली, मोठी वर.

आठ दिवसांत भंगाराला नाव मिळालं. मल्टीबँड व्हर्टिकल. म्हणजे बरेच बँड पकडणारी उभी अँटेना.

मी पॉलिश पेपर मारून पांढरा गंज काढला, सडलेले क्लॅम्प बदलले, काठीभोवती अंगणात तारा पुरल्या. वैशाखात उभी केली. पहिल्याच दिवशी कोची लागलं. कासमभाई अनवाणी रस्त्यावर आले मला मिठी मारायला.

पण त्यांना नुसतं कोचीशी गप्पा मारायच्या नव्हत्या.

तिकडे पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणला, पावसात तार तुटली की आठ-आठ दिवस फोन बंद. तिथे त्यांना एक सेट बसवायचा होता. तहसील ऑफिसात चकरा मारून मारून साहेबांना डेमोला यायला तयार केलं. मुद्दाम आषाढात. म्हणायचे, "उन्हात कोण पण बोलेल."

साहेब आले. मागून अर्धी आळी आली. अशा काठीचा आवाज जवळ नाही, लांबच उतरतो, म्हणून इथून कोचीला निरोप, कोचीहून फोनने अलिबागला, असं दाखवायचं ठरलं होतं.

"अलिबागला जायला कोची कशाला? यष्टी हाय ना!" कोणीतरी ओरडलं.

सेट लावला. मीटरचा काटा थेट लाल पट्टीत, म्हणजे आवाज काठीतून बाहेरच जाईना. कोचीवाला येईना. अर्धा तास गेला. साहेबांनी घड्याळ बघितलं, चहासुद्धा घेतला नाही.

"चाचा, तुमची काठी मुकी हाय!" गर्दीतून आवाज आला.

कासमभाई सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "जोडणीत माझी चूक झाली."

तेव्हापासून हसताय तुम्ही. आयुष्य जहाजाच्या रेडिओवर काढलं त्या माणसाला एक काठी जोडता येईना, म्हणून. बाजारात हसलात, लग्नात हसलात, आज मेल्यावर पण हसलात.

आता ऐका.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी काठी आडवी केली. त्यांनी पहिला डबा उघडला. आतून अर्धा कप पाणी पडलं. दुसरा उघडला, तेच. डब्यांच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात. त्यांत डांबर भरलेलं.

डांबर मी भरलं होतं.

ज्येष्ठात ते मुलीकडे मुंबईला गेले होते. इकडे सगळं गाव कौलं परतत होतं. मी काळजीचा माणूस, कुलूप चारदा ओढून बघणारा. आपल्याकडे पावसाच्या आधी भोक दिसलं की बुजवायचं, त्यात विचारायचं काय? दोन गडी घेतले, काठी उतरवली, झाडून सगळी भोकं बंद केली आणि परत उभी केली. सांगायचंही सुचलं नाही.

"अरे, ही भोकं पाणी बाहेर जायला असतात," कासमभाई म्हणाले. "वरून झिरपणारच. खालून वाट नको?"

हे बाजारात कळलं तर मला कोण कामाला बोलावणार?

ते खिळ्याने डांबर कोरत होते. वर न बघता म्हणाले, "कोणाला बोलू नको. तुला उद्या लोकांच्या छपरावर चढायचाय. मला कुठं चढायचाय?"

आणि मी बोललो नाही. इतकी वर्षं.

डबे वाळवून काठी परत उभी केली. त्याच आषाढात, धो धो पावसात कोची बोललं. मी माझ्या कानांनी ऐकलं. कासमभाई ऑफिसात सांगायला गेले. साहेब म्हणाले, "चाचा, एकदा बघितलं ना!" दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेटवरूनच परत पाठवलं.

एकदा, फक्त एकदा परत यायला काय झालं होतं हो साहेब? कुडपणला सेट गेलाच नाही.

आणि तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं, की चाचा, नक्की काय झालं होतं? विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. सांगायचं मी होतं. तुमच्यावर ओरडतोय खरा, पण त्या हसण्यात मी पण मान खाली घालून उभा होतो.

आज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर माती आहे. यायचं तर या. तोंडात 'मुकी काठी' येणार असेल तर घरी बसा.

हसायचंच असेल तर माझं नाव घेऊन हसा. आता मला पण कुठल्या छपरावर चढायचं नाही.

कासमभाई, भोकं मी बुजवली होती. सगळ्यांना सांगितलं बघा.

फार उशीर केला. माफ करा.

तुमचा,
दत्ता अँटेनावाला