फाशी मागणारा ज्युनिअर आणि माणिकराव वकील

वकिलीची सनद घेऊन मी माणिकराव साहेबांच्या मस्तगड भागातल्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी ना गुण विचारले, ना गाव. "फाशीबद्दल काय मत हाय तुमचं?" एवढंच विचारलं. "खुन्याला फाशीच पाहिजे," मी ठणकावलं. "बरं. उद्यापासून या." जन्मभर फाशीविरुद्ध भांडलेल्या साहेबांनी मला का ठेवून घेतलं, देव जाणे!

साहेब पंच्याहत्तरीचे झाले. त्यांच्यावर गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मी माझी लाज सांगतो.

भोकरदनकडच्या एका तरुणावर एका नवरा-बायकोच्या खुनाचा गुन्हा शाबीत झाला होता. फाशी की जन्मठेप, एवढंच उरलं होतं. शिक्षेबाबतचं म्हणणं लिहायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी दुसऱ्याच खटल्याच्या जुन्या फाईलवरून ते उतरवून काढलं. साहेबांनी विश्वासानं सही केली.

न्यायाधीशांनी वाचलं, "आरोपीस लहान मुलगी आहे." आणि विचारलं, "कुठे आहे मुलगी?"

पिंजऱ्यातून आवाज आला, "माझं लग्नच न्हाई झालं, साहेब."

सरकारी वकील उठले, "बचाव पक्षालाच याच्या जिवाची पर्वा नाही!"

साहेब शांतपणे उभे राहिले. "सही माझी, चूक माझी. त्या चुकीपायी याचा जीव जाऊ नये. एक दिवस द्यावा." न्यायाधीशांनी दुसऱ्या दिवशीची तारीख दिली.

आम्ही तसेच केदारखेड्याला, आरोपीच्या बहिणीकडे निघालो. वाटेत मीच म्हणालो, "साहेब, शिव्या द्या, पण बोला."

"तुमच्या लेखी तो मेलेलाच होता, न्हाई का?"

"हो," मी म्हणालो.

"मंग आता बहीण काय सांगती ते बराबर लिहून घ्या."

आईबाप गेल्यावर शाळा सोडून भावानं तिला वाढवलं होतं. तिचा शब्दन् शब्द मी लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ती कोर्टात बोलली. जन्मठेप झाली.

बाहेर खून झालेल्या नवऱ्याचे वडील आडवे आले. "माझं लेकरू अन् सून गेली, वकीलसाहेब. त्याला मात्र तुम्ही वाचवलं." साहेबांनी हात जोडले. "तुमचं दुःख मोठं हाय, बाबा. माझ्याकडं उत्तर न्हाई." बाबा बोलत राहिले, साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. मला तर बाबांचंच पटत होतं.

आजही कधी कधी पटतं. पण आता म्हणणं लिहिण्याआधी मी आरोपीला तुरुंगात जाऊन भेटतो, आणि भेटून आल्यावर फाशी मागायला जीभ रेटत नाही. साहेब, ठणठणीत राहा, शंभरी ओलांडा. त्या बाबांसारख्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि एकट्यानं त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत माझ्यात नाही.