केवाची काटकसर

जावातल्या जोगजा शहरात घरमालकीण बू दार्मींच्या मागच्या अंगणातल्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणाऱ्या मुली पुष्कळ होत्या आणि पैसे वाचवण्याच्या गप्पा सगळ्याच मारायच्या. महिनाअखेर तर गप्पांवाचून दुसरं काही हातात नसे. पण खरोखर वाचवायची ती एकटी केवा. ही मुलगी पार पूर्वेकडच्या आदोनारा बेटावरची. बाप ताडावर चढून ताडी काढायचा, आई केवा शाळेत असतानाच गेलेली.

बू दार्मींचा नियम कडक होता. खोलीत विजेचं जे जे लावाल त्याचे भाड्यावर वेगळे पैसे. पंख्याचे वेगळे, इस्त्रीचे वेगळे, भाताच्या कुकरचे वेगळे. केवाने यातलं काही घेतलंच नाही. फोन ती कॉलेजच्या ग्रंथालयात चार्ज करी, प्यायचं पाणीही तिथूनच बाटल्या भरून आणी. शेजारच्या खोलीतल्या वुलानच्या कुकरमध्ये भातावर चाळणी ठेवून आपलं अंडं आणि कांगकुंगची पालेभाजी वाफवून घेई आणि बदल्यात वुलानचे कपडे धुई. कोपऱ्यावरच्या गाडीवर केळीच्या पानात बांधलेला मांजरभात मिळायचा. पुडी मांजरालाच पुरेल एवढी, म्हणून ते नाव. बाकीच्या मुली तीन-तीन पुड्या उडवत. केवा एक खाई आणि वर दोन ग्लास गरम पाणी पिऊन पोट भरल्याचा आव आणी. गल्लीत कुणाकडे कुराणपठण असलं की बू दार्मी तिथल्या जेवणाचा एक डबा जास्तीचा मागून आणत आणि तिच्या दारात ठेवत. केवा ख्रिस्ती. पण भुकेला कसला आलाय धर्म!

"वाळून काडी झालीस," बू दार्मी म्हणायच्या. "उद्या बापाने मला विचारलं, माझ्या पोरीला उपाशी ठेवलंत काय, तर मी काय सांगू?"

"बू, माझा बांधाच असा आहे."

"बांधा म्हणे! आलीस तेव्हा गाल कसे पावासारखे फुगले होते, मी बघितलेत ते."

हे सगळं चाललं होतं ते घरी जाण्यासाठी. बापाच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने जितके दिवस टिकेल तितके दिवस. ताडावर चढणं बंद झालं. फोनवर बाप कुरकुर करीत नसे, पण एक गोष्ट दर वेळी म्हणे.

"तुझा दादा कोपोंग म्हणतो तू आता हुबेहूब आईवर गेलीयस. फोनमध्ये काय कळतंय? बोटाएवढं तोंड दिसतं. ये आणि नीट दाखव एकदा."

"येते बापा. या नाताळला नक्की."

"लवकर ये गं. अजून बघायला काही उरलंय तोवर."

रस्त्यात कुणी म्हातारा हात कपाळावर आडवा धरून वर बघताना दिसला तरी तिला रडू फुटे. बापाने आपल्याला बघावं, आपल्यात आईला बघावं, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढे पदवी, नोकरी, सगळं झूट.

आता कुणीही म्हणेल, मग जावं की! रेल्वेने सुराबाया बंदर, तिथून जहाज, खालच्या वर्गाचं तिकीट काही आभाळाला भिडलेलं नसतं. पहिल्या वर्षाच्या नाताळाआधी तेवढे पैसे तिच्याकडे जमलेही होते. पण त्यांच्या बेटावर परगावाहून आलेल्या माणसाने रिकाम्या हाताने दारात उभं राहायचं नसतं. त्यातून जावाला शिकायला गेलेली मुलगी! मामांचा मान सगळ्यात पहिला. ज्या घरातून आई आली त्या घराचं देणं कधी फिटत नाही असं तिथे मानतात. मामांना भेट, माम्यांना भेट, मग भावकी, मग शेजार. मामाच्या घरी भेट पोचली नाही तर लोक मुलीला बोलत नाहीत, बापाला बोलतात. आणि बाप तर आता घरातच बसून. कानांवर पडणारं ऐकण्याखेरीज त्याला उद्योग उरला नव्हता.

वुलान जवळच्याच वोनोगिरीची. सुट्टी लागली की मूगडाळीचं सारण भरलेल्या बाकपियाचा एक डबा घेऊन बसमध्ये बसे आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवे. तिला हे काही पटत नसे.

"अगं, तू तशीच जा. बापाला तू हवीयस का मामाला शर्ट?"

"तुमचं बरं आहे. एका डब्यात गाव पटतं तुमचं. माझे मामाच मुळी चार आहेत."

"मग चौघांनी मिळून एक डबा खायचा!"

केवा हसली, पण गेली नाही. तिकिटाच्या पैशातून तिने खोका भरायला घेतला. बेरिंगहार्जोच्या बाजारात घासाघीस करकरून बाटिकचे चार शर्ट घेतले, माम्यांना कापड घेतलं. हळूहळू पलंगाखालचा खोका भरत आला आणि पुढच्या नाताळापर्यंत तिकिटाचेही पैसे जमत आले.

तेवढ्यात भावाचा, कोपोंगचा फोन. शेजारची बर्ता मलेशियाहून आली होती. "प्रत्येक मामाला मनगटी घड्याळ दिलंय तिने! लोक अजून तेच बोलतायत. बापाला विचारत होते, तुमची केवा कधी येते, काय आणते."

"बापा काय म्हणाला?"

"हसला नुसता."

ते हसणं केवाला खुपलं. चार शर्ट एकदम पोतेऱ्यासारखे दिसायला लागले. तो नाताळही तिने जोगजात काढला. चर्चमध्ये पाठीमागच्या बाकावर बसून हमसाहमशी रडली आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा मांजरभातही बंद केला. एखाद्या माणसाला इतकी अक्कल असावी आणि नेमकी इथेच ती गहाण पडावी, याला काय म्हणायचं! पण तिच्या जागी तिच्या बेटावरची कुठलीही मुलगी असती तरी तिने हेच केलं असतं.

ते वर्ष तिने लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या, मुलींच्या धुण्याचे गठ्ठे उपसले. फोनवर बाप आता जरा बाजूला बघून बोले. "बापा, कॅमेऱ्यात बघ ना," ती म्हणायची. "मला नाही गं ते यंत्र जमत," तो म्हणे. औषध चालू आहे का विचारलं की कोपोंग "चालू आहे" म्हणून विषय बदली. घड्याळं आली, एक खोका होता त्याचे दोन झाले, आणि तिसऱ्या नाताळाआधी केवा जहाजात बसली. डेकवर चटई टाकून ती खोक्यांना टेकून झोपायची आणि जागी झाली की आरशात बघून केस आईसारखे मागे बांधून बघायची.

धक्क्यावर कोपोंग आला होता. त्याने मोटरसायकलवर दोरीने खोके बांधले.

"दादा, आधी मामांकडे जायचं ना?"

"आधी घरी," तो म्हणाला.

असं कुणी कधी करत नाही. "का रे?"

कोपोंगने दोरीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "पूर्ण गेलीय गं त्याची नजर. बर्ता येऊन गेली ना, त्यानंतरच्या ईस्टरच्या सुमारास. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली त्याने. म्हणाला, कळलं तर पोरगी मोकळ्या हातांनी धावत येईल आणि लोक तिला हसतील. तिचं सगळं जमू दे."

रस्ताभर ती खोक्यांची दोरी मुठीत धरून बसली.

बाप ओट्यावर बसला होता. धुतलेला सदरा घालून, केस विंचरून. पावलं ऐकून तो उठला आणि दोन्ही हात पुढे केले. केवा त्या हातांत शिरली. त्याची बोटं तिच्या कपाळावरून, भुवयांवरून, नाकावरून सावकाश फिरली.

"नाक तिचंच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "कपाळपण. अगदी तिचं."

मग बोटं गालांवर आली आणि थांबली. परत वर गेली, परत गालांवर आली. शोधत राहिली.

"इथे तिचे भरलेले होते," बाप म्हणाला. "काय खात होतीस गं तिथे?"

"सगळं खात होते, बापा."

त्याने तिचं मनगट चाचपलं, खांद्याचं हाड चाचपलं. तोवर केवा आल्याची बातमी पसरली होती. फाटकाशी मामा, माम्या, शेजारपाजार जमला होता. कोपोंगने खोके उतरवताच कुणीतरी "अबब, दोन दोन!" म्हणालं.

"चुकलो मी," बाप तिला जवळ घेऊन हळूच म्हणाला. "तुला मोकळ्या हातांनीच बोलवायला हवं होतं."